मी येतो

आमच्याकडं बायका मी आलो म्हणतात, मी गेलो म्हणतात.
आई म्हणायची.
गंगावेशीत पहाटे म्हशीच्या कासेला बसलेली आत्ती
मान न वळवता म्हणायची, थांबा, येतो.
कुणाला त्यात पुरुष दिसला नाही.
पुण्याला डिप्लोमाला गेलो तेव्हा होस्टेलभर हसू.
जाते म्हण गं, जाते.
तीन वर्षं गेली, जीभ काही वळली नाही.

शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्या दिवशी
वॉचमन पाटणकर मामांनी वही पुढं सरकवली.
कुणाला भेटायचंय?
भेटायचं नाही, मामा. कामाला आलोय.
नावापुढं त्यांनी आपल्या मनानं लिहिलं:
कॅन्टीन.

बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या माडीवर.
आत जुन्या फायली, गणपतीचं थर्माकोलचं मखर
आणि एक नळ.
किल्ली अकाउंटच्या सणगरांकडं.
दर वेळी मागायची,
दर वेळी सहा टेबलांनी मान वर करायची.
मग मी पाणी प्यायचंच कमी केलं,
भट्टीपासून वीस पावलांवर.

इथं सगळे एकमेकांचे भावा.
भावा, वाळू ओली हाय. भावा, लाडल सरळ धर.
मी दिसलो की आवाज खाली बसतो,
अर्धी शिवी गालात धरून
इंगवले म्हणतात, बोला म्याडम.
शिवी गेली त्याचं काही नाही,
तिच्या मागचा हशाही जातो,
आणि हशात ठरलेलं कामाचं सगळं.

माझं काम ऐकायचं.
थंड झालेल्या कास्टिंगला हातोडी मारायची:
नीट असलं तर घंटेसारखं बोलतं,
पोटात पोकळी असली तर बद्द.
वरून दोन्ही सारखीच दिसतात.
त्या मंगळवारी पंपाच्या चाळीस बॉड्या बद्द बोलल्या.
मी लाल खडूनं फुल्या मारल्या.
इंगवले हसले. घरात काय बिनसलंय काय आज?
फुल्या पुसून माल गेला.
एकोणिसाव्या दिवशी परत आला, भाड्यासकट.
रिपोर्टात त्यांनी लिहिलं: दोष आढळला.
कुणाला आढळला, ते वाक्यात कुठं बसवायचं
हे मला शुद्धलेखनातसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं.

घरी मिक्सर बंद पडला
तर सासूबाई म्हणाल्या, राहू दे, सुहास येऊ दे.
सुहास माझा पुतण्या, अकरावीत, कॉमर्सला.
तो आला. मी उघडून, कार्बन बदलून, झाकण लावत होतो.
त्यानं बटण दाबलं. फिरला.
सासूबाईंनी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.
मीही फिरवला असता,
पण हाताला ग्रीस होतं.

काल लेकीच्या वहीत लाल पेन.
मी शाळेत जातो, त्यातला तो खोडून
बाईंनी ते केलाय.
मग तू चुकीचं बोलतीस का गं, आई?
तू काय मुलगा हैस?
म्हटलं, परीक्षेत ते लिही.
आणि मग पुढं काय सांगायचं ते सुचेना,
पोळीच्या कडा दुमडत राहिलो.

सात दहाला तावडे हॉटेलपाशी बस.
आता अकरा वर्षं झालीत,
पाटणकर मामा निवृत्त झाले, वही तीच,
कोपऱ्यावर तेलाचा डाग.
चपला घातल्या, डबा घेतला.
जातो म्हणू नये, आई सांगायची.
दारातनं आत बघून मोठ्यानं म्हणालो,
येतो.