फावडं नको

तीस सप्टेंबरला आमच्या तालमीत
हौद फावड्यानं उकरत नाहीत.
हातानं उकरतात.
नवी पोरं विचारतात, का हो वस्ताद?
मी म्हणतो, उकरा आधी.

त्र्याण्णव साली मी सहा वर्षांचा.
मिरवणूक महाद्वारात रेंगाळलेली,
आमचा नंबर यायला उजाडणार होतं,
मी बापाच्या खांद्यावर झोपलेलो.
चारच्या सुमाराला ट्रकवरच्या झुंबराची काचं
आपोआप वाजली म्हणे.
लोकांना वाटलं, ढोलामुळं.

मग रेडिओवर गावाचं नाव आलं. किल्लारी.
कुठं आलं ते, कुणालाच ठाऊक नव्हतं.
दस्तगीर अत्तार म्हणाला, तुळजापूरच्या पुढं असंल,
आणि ट्रकवरची केळीची खुंटं उपटायला लागला.
जनरेटर राहू दिला, मिरवणुकीचे दिवेही.
मार्केट यार्डातनं गुळाच्या ढेपा,
गंगावेशीतनं दुधाचे कॅन, पाणी भरून.
चौदा पैलवान.
आईनं विचारलं, परत कधी?
बाप म्हणाला, कुस्ती लागल्यावर वेळ विचारतात होय?

पोचले तेव्हा पाऊस,
आणि चौदाजणांच्या केसांत अजून गुलाल.
एका बाईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं.
हे सांगताना बाप दर वेळी इथं थांबायचा,
डोक्यावरनं हात फिरवायचा,
निघाला का बघावं तसा.

कुस्तीत साधं आहे:
पाठ मातीला लागली की संपलं.
तिथं सगळं गाव पाठीवर निजलेलं,
कुणाशी झोंबलं नव्हतं, कुणाला ललकारलं नव्हतं.
हा कसला डाव, बाप म्हणायचा,
सलामीच नाही.

पहिल्या दिवशी फावडी चालवली.
दुसऱ्या दिवशी यशवंताच्या फावड्याला बांगडी वाजली.
त्यानं फावडं बाजूला ठेवलं, अगदी हळू,
निजलेल्या घरात भांडं ठेवावं तसं.
तिथनं पुढं सगळे हातानं.
ढाक मारणारे, घिस्सा भरणारे हात,
दगडाखाली बोटं घालून चाचपणारे.
नखं गेली.
लष्करातल्या एका जवानानं बापाच्या बोटांवर स्पिरिट ओतलं,
पट्ट्या बांधल्या, खुणेनं सांगितलं, बस कर.
आणि स्वतःच शेजारी बसून उकरायला लागला.
त्याचं नाव बापाला म्हणता यायचं नाही,
पट्टीवाला म्हणायचा. आमचा पट्टीवाला.

सहा दिवस.
बापानं अकरा जणांना वर काढलं.
जिवंत निघाली ती एक शेळी.
कुणाची, हे सांगायला त्या आळीत कुणी नव्हतं.
ती आमच्या ट्रकमधनं कोल्हापूरला आली,
नऊ वर्षं तालमीच्या दारात बांधलेली असायची,
पैलवानांचे बदाम खायची.
तिला नाव ठेवलं नाही.
असंल तिचं काहीतरी नाव, बाप म्हणायचा,
आपण का बदला?

सत्काराला तो कधी गेला नाही.
तिथं आमची नावं वाचतात, म्हणायचा,
त्यांची वाचत नाहीत.
त्यांची नावं त्यालाही माहीत नव्हती.
म्हणून दर तीस सप्टेंबरला, हौदाच्या काठावर बसून,
त्याला आठवेल तसं:
शिवणयंत्राजवळची.
पाळण्याखालचा.
बेरजांच्या वहीवाला, वही कोरडी होती.
एकमेकींचा हात धरलेल्या दोघी.
दाराच्या कडीला हात पोचलेला म्हातारा.
पुढं आवाज बारीक व्हायचा.
अकरा झाले की नाही, मी कधी मोजलं नाही.

गेल्या वर्षी बाप गेला. सीपीआरमध्ये.
नर्सनं खाटेवर नीट उताणा निजवला
तर म्हणाला, मला कुशीवर कर.
नळी निघेल, ती म्हणाली.
निघू दे.
आयुष्यभर पाठीवर निजलेला
मी त्याला बघितलाच नव्हता,
आणि हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

आता साडेचार होतायत.
पोरं गुडघ्यांवर बसून माती उकरतायत,
हळद, ताक, लिंबाचा वास.
कुणी काही विचारत नाही.
फक्त सगळ्यात धाकटा, कोपरापर्यंत हात आत घालून,
वर न बघता म्हणतो,
वस्ताद, खाली लई गार लागतंय.