वजाची खूण

ज्याच्या नावाआधी वजाची बारीक खूण
तो पार्ट अजून सुटा.
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले,
क्लाक्सविकच्या धक्क्यावरच्या ह्या कचेरीत,
जिथं खिडकीतून ट्रॉलर दिसतात
आणि बहुतेक दिवशी नुसतंच धुकं.

सुट्या वस्तूला सहा वाटा असतात,
तीन सरकायच्या, तीन फिरायच्या.
सपाटीला सपाटी भिडवली की तीन मिटतात,
भोकात दांडा ओवला की चार.
एकवीस वर्षं मी वाटा मिटवत आले,
तरी बांगडे निवडायच्या त्या यंत्रात
एक ब्रॅकेट सुटाच राहिला
आणि एक दिवस चार मिलिमीटर सरकला.

कुणी सरकवला?
कुणीच नाही. क्लिक करताना बोट रेंगाळलं असेल,
कप ठेवताना कोपर लागलं असेल.
अख्खं यंत्र पडद्यावर मावलेलं असताना
चार मिलिमीटर म्हणजे पापणीचा केस.

स्टीलला मात्र कळलं.
त्रोंदुर कापलेली प्लेट घेऊन जिना चढून आला,
माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवली
आणि भोकाशी बोल्ट धरून दाखवला.
जात नव्हता.
बोलला काही नाही. प्लेट खाली नेऊन
वर्कशॉपच्या दाराशी टांगली.
तिच्यावर आता ओल्या लोकरी टोप्या वाळतात.

कोपर नव्हतं लागलं.
माझा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो.
घातक नाही, डॉक्टर म्हणाल्या, असतं असं काहींना.
सूप ओठांशी येईतो चमचा अर्धा होतो.
बँकेनं माझी सही दोनदा परत पाठवली.
हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

प्लेटनंतर मी संध्याकाळी उशिरा थांबू लागले.
सगळे गेले की
एकेक पार्ट निवडायचा, फिक्स करायचा.
डाव्या हातानं उजवं मनगट धरून
तीनशे चौदा पार्ट, चार संध्याकाळी.
रोलर फिक्स, साखळी फिक्स, स्क्रूसुद्धा.
वजाची एकही खूण उरली नाही.
त्या रात्री मी घोरले, असं नवरा सांगतो.

सोमवारी एयुन आला. सव्वीस वर्षांचा,
उन्हाळ्यात होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारतो.
‘मर्यून, झडप हलत नाही.’
‘हलू नये म्हणूनच.’
‘पण लहान बांगडा खाली पडायचा कसा?’

मी माउसकडे हात नेला, दाखवायला.
त्यानं हात पाहिला. मग पडद्याकडे
बराच वेळ, गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला.
‘मी बसू का जरा?’

माझ्या खुर्चीत बसून त्यानं कुलपं काढली.
सांगाडा तेवढा जागी खिळलेला ठेवला,
बाकीचे पुन्हा एकमेकांना बांधत गेला,
पृष्ठाला पृष्ठ, आसाला आस,
दोन दिवस, स्वतःचं काम बाजूला सारून.
झडपेला एक वाट ठेवली,
शून्य ते पस्तीस अंश, पुढं नाही.
मग सेटिंगमध्ये खोल कुठंतरी जाऊन
एका चौकटीतली बरोबरची खूण पुसली:
आता नुसत्या ओढण्यानं काही हलणार नाही.
हलवायचं तर आधी तसं सांगायचं, मग हात.
‘माझाही लागतो कधीकधी,’ म्हणाला.
त्याचा हात कातळासारखा आहे.

नवी प्लेट बसली. बोल्ट गेला.
यादीत झडपेच्या नावाआधी
वजाची ती बारीक खूण परत आली आहे,
मी अधूनमधून तिच्याकडे बघते.

टेबलावर हात चालूच असतो त्याच्या नादात.

आणि त्रोंदुर, जो कधी वर येत नसे,
हल्ली दहाला माझ्यासाठी कॉफी आणतो.
कप अर्धाच भरलेला असतो.
त्याला कुणी सांगितलं,
मी विचारलेलं नाही.