ओळीखाली उतरलेलं अक्षर

नोव्हेंबर लागला की मुहर्रकमध्ये आम्हाला ओव्हरटाइम.
नगरपालिकेची निवडणूक,
एकेका उमेदवाराचे तीस-तीस चेहरे,
लाकडी चौकटी, वाळूच्या गोण्या,
आणि शिडीच्या टोकाला मी,
मुनीर परकार, मुक्काम पन्हाळजे, तालुका खेड.

शाळेसमोर बद्रिया इंजिनियरबाईंचा बोर्ड:
सांडपाण्याची नवी लाइन, पार्किंग,
समुद्राकडे जायला वाट.
(भराव टाकून टाकून समुद्र इतका लांब गेलाय
की बेटावरच्या पोरांना तो गाडीने दाखवायला न्यावा लागतो.)
चौकात एका म्हाताऱ्या कप्तानाचा:
सरकारी घरं अर्जाच्या क्रमाने, वशिला नाही.
हे सगळं मला शुक्री सांगतो.
तो मिसरी, कॉम्प्युटरवर बोर्ड बनवतो,
आणि कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

मला अरबी वाचता येतं, समजत नाही.
खलफेंनी छडीच्या धाकाने तीस पारे वाचून घेतले;
उच्चार चोख, अर्थ अल्लाला ठाऊक.

मग जासिम मास्तरांचा बोर्ड आला.
वीस फुटी, हिरवी अक्षरं.
दोरी ताणता ताणता मी मोठ्याने वाचलं:
फरीज बिला अझाब.
फरीज म्हणजे मोहल्ला, बिला म्हणजे विना,
एवढं रस्त्यावर शिकलोय.
आणि अझाब तर लहानपणापासून पाठ,
कबरीचा, आगीचा.
वा मास्तर, म्हटलं,
मोहल्ल्यात कुणालाच यातना नकोत!
खाली तिजानीला ओरडलो, लेव्हल लाव,
हा बोर्ड एक सूतही वाकडा नको.
आपल्याला मत नाही. असतं तर
ह्याच माणसाला.

शुक्री हसला तो चहा सांडेपर्यंत.
“झाल नाही रे, झे. नीट बघ.
झाल ओळीवर बसतो,
झे ओळीखाली उतरतो.
अझाब नाही, उझ्झाब.
बिनबायकांचे. सडे.
कुटुंबांच्या वस्तीत ते नकोत म्हणतोय मास्तर.
म्हणजे तू.”

मी सडा!
तिकडे सफूरा, दोन मुली,
थोरलीची यंदा बारावी.
अकरा वर्षं निकाह सांभाळलाय
दोन वर्षांतून एकदा, पंचेचाळीस दिवस.

बू इसाच्या घरात आम्ही खाली चौदा, वर अकरा,
तेकबहादूर जिन्याखाली.
चुलीला पाळी, संडासाला पाळी,
संध्याकाळी दारात बसायचं नाही,
बायाबापड्या येतात-जातात.
बू इसा स्वतः सासऱ्याच्या दोन खोल्यांत,
सहा पोरं, सरकारी घराचा अर्ज एकोणीस वर्षांपूर्वीचा,
नंबर तोंडपाठ.
भाडं घ्यायला आला तेव्हा मी विचारलंच.
“मास्तरलाच देणार मत,” म्हणाला.
“तुम्ही माणसं चांगली आहात, मुनीर.
पण पंचवीस चांगली माणसं
एका गल्लीत फार होतात.”
आणि नोटा मोजून खिशात घातल्या, एक परत दिली,
फाटकी होती.

गावाला घरकुलाच्या यादीतनं माझं नाव कापलं,
शेरा मारला: परदेशात कमावतो.
नवा सरपंच फोनवर म्हणाला,
पुढच्या वेळी बघू, तुम्ही इथे असता तर.

परवा रात्री वारा सुटला.
मास्तरांचा एक कोपरा फडफडायला लागला,
कंपनीने मलाच उठवलं.
वर चढलो. चेहरा अंधारात, अक्षरं तेवढी दिसत होती.
झेची शेपटी नेमकी माझ्या हाताशी,
माझ्या पंजाएवढी.
होडी बांधतात तशी गाठ मारली,
तीन पीळ, ओढली की आणखी आवळते.

निकालानंतर फ्लेक्स उतरवायचं कामही आमचंच.
तेकबहादूरने आत्तापासून सांगून ठेवलंय,
मास्तरचा हिरवा तुकडा मला दे,
जिन्याखाली एसीचं पाणी गळतं.