सुई किती दाखवते

वाडी नाक्याच्या पुढे, वजनकाट्यामागं,
मे महिन्यात रात्री अकरालाही पत्रा तापलेला.
कोराडीची राख वाहणारा दहाचाकी
दोन्ही शाफ्ट ओढून जॅकवर उभा, पोट उघडं.
डिफरन्शियलचा गोळा बाहेर, स्टँडवर.
हेडाऊ उस्ताद पोत्यावर बसून
नव्या क्राऊनवरचा नंबर बोटानं वाचतात,
मग पिनियनवरचा.
"जोडी हाये. एकमेकीवर घासलेली."
दुसऱ्या घरची आणून बसवली
तर जन्मभर ओरडतील दोघी.

बेअरिंग कढईत.
ही कढई गोळीबार चौकातल्या भजेवाल्याची,
आता तिच्यात गिअरचं तेल तापतं.
धूर सुटायच्या आत चिमट्यानं उचलायचं
आणि पिनियनच्या दांड्यावर असं सोडायचं
की आपल्याच वजनानं खाली उतरावं.
कुणी हातोडा घेतला
की उस्ताद तिथून उठून जातात.

मग काटा, मासळीबाजारातला, स्प्रिंगचा.
पिनियनला सुतळी गुंडाळून ओढायची,
किती किलोवर फिरतो ते बघायचं.
हलका फिरला, शिम काढ.
जड गेला, शिम घाल.
केसाएवढी पत्री, फुंकरीनं उडेल अशी.

उस्तादांचे वडील मिलमध्ये ताणा बघायचे.
सुताला बोट लावून सांगायचे, कुठं तुटणार.
मिल गेली.
बोट राहिलं, ते यांच्याकडे आलं.

मग शेंदूर.
तेलात कालवून सात-आठ दातांना,
मारुतीला थापतात तसा नाही, पातळ.
क्राऊन हातानं मागं-पुढं फिरवायचा
आणि बघायचं, दातानं दाताला कुठं धरलंय.
टोकाकडे पुसला, चुकलं.
बुडाशी पुसला, चुकलं.
मधोमध लांबट चिंचोक्याएवढा ठसा उमटला
तरच उस्ताद बिडी पेटवतात.

आणि मोकळीक,
दोन दातांमध्ये मुद्दाम राहू द्यायची ती.
मिलिमीटरचे शंभर भाग केले तर वीस ते तीस.
कमी झाली, तापून जळतील.
जास्त झाली, प्रत्येक गिअरला आदळतील.
ती डायलची सुई दाखवते.
दोन वर्षं झाली, उस्तादांना सुई दिसत नाही.
गिऱ्हाइकाला हे माहीत नाही.
मी वाचतो.

ड्रायव्हर बालाघाटचा. पहाटे पाचला लोडिंग.
तीनदा विचारून गेला.
चौथ्यांदा आला तेव्हा सुई बेचाळीसवर होती.
"किती दाखवते, खुशाल?"
मी म्हणालो, "अठ्ठावीस."

उस्ताद काही बोलले नाहीत.
क्राऊन दोन्ही तळव्यांत धरला,
जरासा इकडे, जरासा तिकडे.
टक्. टक्.
डोळे मिटलेले.
"चाय सांगून ये," म्हणाले, "अन् त्याले बी एक."

मी परतलो तेव्हा
बेअरिंगच्या टोप्या सैल होत्या.
एका बाजूची चकती दोन खाचा मागं,
दुसऱ्या बाजूची दोन खाचा पुढं.
"आता पाह्य."
चोवीस.
मी चोवीस म्हणालो, मान वर न करता.
"हं."

चार चाळीसला गाडी निघाली.
नाक्यावर वळली तेव्हा
बाहेरचं चाक जास्त चाललं, आतलं कमी,
कुणी कुणाला ओढलं नाही.
मी कान देऊन उभा.
आवाज नाही.
आमच्या धंद्यात ऐकू आलं नाही
म्हणजे मजुरी वसूल.

त्या रात्रीचं उस्तादांनी कधी काढलं नाही.
एकदा काढलं असतं तर बरं झालं असतं.

यंदापासून ते दुकानावर येत नाहीत.
मी एक पोरगा ठेवलाय, मौद्याचा.
मला सुई अजून नीट दिसते,
तरी त्यालाच वाचायला लावतो.
तो आकडा सांगतो,
मी डोळे मिटून क्राऊन हलवतो.
टक् ऐकू येतं.
किती, ते कळत नाही
अजून.