फणसदरा मुक्काम

पत्र आलं मंगळवारी, साध्या टपालानं.
विषय : अल्प भारमानाच्या फेऱ्यांचे पुनर्नियोजन.
संदर्भ तीन, सोबत तक्ता.
सतराव्या ओळीत फणसदरा मुक्काम,
पहाटे पाच चाळीस,
सरासरी प्रवासी नऊ पूर्णांक चार.
शेरा : बंद. एक तारखेपासून.

बावीस वर्षं मी या खिडकीत आहे.
भोंग्यातून येणारा माझा आवाज
बायकोलासुद्धा ओळखू येत नाही.
पण पूर्णांकाच्या पुढचा तो चार कोण
हे मी सांगू शकतो.
यशवंत ज्ञानू सुतार. आठवड्यातून तीनदा
सीपीआरला, डायलिसिसला.
तीन भागिले सात.
तक्ता चुकलेला नाही.

आणि पैसे आलेच नाहीत असंही नाही.
नव्या गाड्यांना आलेत, विजेवरच्या, गार हवेच्या,
त्या पुण्याला जातात, तासाला एक.
सवलतींचे पैसे शासन भरतं,
भरतं म्हणजे भरणार असतं,
तोवर डिझेलवाला थांबत नाही, पगार थांबतो.
हे मलाही कळतं. मीही पगारावरच आहे.

फक्त डबे कुठल्याच रकान्यात नाहीत.
अकरा डबे. डब्याला तिकीट नसतं.
दिनकर डवर ते इंजिनाच्या बॉनेटवर मांडतो,
वर गोणपाट टाकतो,
घाटाची वळणं सरून, गारगोटी ओलांडून
कोल्हापुरात येईस्तोवर भाकरी कोमट राहते.
झाकणांवर नेलपॉलिशनं नावं :
अवधूत. ऋतुजा चौगले. संकेत आयटीआय.
एकावर नुसतंच फूल आहे,
त्या घरात लिहिणारं कोणी नसावं.

साडेआठला पोरं येतात.
ऋतुजा सायकल न लावताच ओरडते,
'आलो काका! माझा खालचा काय?'
आणि संध्याकाळी घासलेले डबे ठेवून जातात,
सहा पन्नासच्या गाडीला. तीच गाडी मुक्कामाला.
दिनकर आणि मेहबूब मुजावर शाळेच्या व्हरांड्यात झोपतात.
जेवणाची पाळी घरटी लागलेली,
दर सोमवारी गुरवाच्यात माडगं.

सरपंच विमल तळेकर येऊन गेल्या, ठराव घेऊन.
मी पोच दिली, शिक्का मारून.
पोच देणं तेवढं माझ्या हातात आहे.
म्हणाल्या, 'सायेब, गाडी रातच्याला दारात हुबी असली
की अडल्या बाईला धीर असतो.
नऊ म्हैन्यात येकदाच लागंल, पर लागंल न्हवं?'
मी म्हटलं, वर कळवतो.
वर म्हणजे कुठं, हे त्यांनी विचारलं नाही.

एक तारीख उजाडली.
सकाळची गाडी आली,
कारण आदल्या रात्री ती तिथं मुक्कामाला होती.
हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.
डबे आले. पोरं आली. भाकरी कोमट होती.
यशवंत सुतारांचा वार होता. उतरताना म्हणाले,
'परवा कसं यायचं, बगू.'

सहा पन्नासला फलाट सातवर पुण्याची गाडी लागली.
मी पुकारा केला, दोनदा, नियमाप्रमाणं.
दिनकर गणवेशातच बाकावर बसून होता,
त्याला उद्यापासून इचलकरंजी दिलीय.

खिडकीखाली अकरा डबे.
पोरांना कोणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, सवयीनं ठेवून गेली.
नऊला माझी ड्युटी संपली.
मी ते एकेक करून टेबलाखाली सरकवले,
पावसाचं नाही, कुत्र्यांचं भ्या.

रिकामा डबा परत पाठवू नये म्हणतात,
चिमूटभर साखर तरी घालावी.
फुलाचा डबा उचलला
तर आत काहीतरी खुळखुळलं.
झाकण मी उघडलं नाही.