एकशे अडुसष्ट तास

एप्रिल असूनही कंटेनरच्या आत श्वास दिसत होता.
दोर्दोयच्या बाजारात एकावर एक रचलेले हे लोखंडी डबे,
खालच्यात दुकान, वरच्यात माल.
शटर अर्धंच वर गेलं होतं
आणि तुर्दुकुल वाकून आत आला.
नम्द्याच्या मोज्यातून त्यानं फोन काढला,
टेबलावर ठेवला, पालथा.
"गायचा," म्हणाला. "आता गात नाही."

रेडिओ. एवढंच हवं होतं त्याला.
सोन-कुलच्या वरच्या कुरणात नेटवर्क पोचत नाही,
पण एका विशिष्ट दगडावर बसलं
आणि इअरफोनची वायर शिंगाला गुंडाळली
(शिंग मेलेल्या बोकडाचं, हे त्यानं मुद्दाम सांगितलं)
की बातम्या येतात, हवामान येतं, लोकरीचे भाव येतात.
हिवाळ्यात लेकीकडे शहरात राहिला.
तिथे एका रात्री फोननं विचारलं: नवी आवृत्ती घेऊ?
नातवानं 'होय' दाबलं.
दुसरं बटण 'नंतर' होतं.
'नाही' नव्हतंच.

मी उघडून पाहिला. चिप जागच्या जागी.
घशाला काही झालेलं नाही, बाबा,
फक्त वरून हुकूम आलाय.
मागच्या आवृत्तीवर न्यायचा तर आधी कुलूप काढावं लागेल,
त्यासाठी कंपनीकडे अर्ज,
आणि अर्जानंतर एकशे अडुसष्ट तास थांबायचं.
"कशासाठी?"
विचार करायला, असं लिहिलंय.
तो दाढीत हसला.
"घोडा घेताना सुद्धा मी एवढा विचार केला नव्हता.
आणि हा तर घेऊन झालाय."

मग फ्यूजचं सांगितलं, ते सांगावंच लागतं.
आत बारीक फ्यूज असतात, खसखशीहून बारीक,
मोठ्या सुधारणेबरोबर कधी कधी कंपनी त्यातला एक जाळते.
जळलेला जुळत नाही.
त्याच्या पलीकडे मागे जाऊ बघणारा फोन तिथेच मरतो;
आम्ही त्याला वीट म्हणतो.
माझ्या ड्रॉवरमध्ये दोन विटा आहेत.
एकीचे पैसे मी भरलेत.

आणि कुलूप निघताना सगळं पुसलं जाईल.

त्यानं माझं पेन मागितलं,
चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर अकरा नंबर उतरवले.
फोटो चौऱ्याहत्तर होते, सगळे मेंढ्यांच्या कानांचे:
कुठला काप आपला, कुठला शेजाऱ्याचा.
एकेक बघत गेला. मग म्हणाला,
"जाऊ देत. कान आहेतच डोंगरात."

आठव्या दिवशी नारीनहून पहिल्या गाडीनं आला.
दोन बटणं एकदम दाबून धरली, केबल लावली.
फ्यूज मोजले. तीन.
जुन्या आवृत्तीलाही तीनच चालत होते.
मी काही बोलले नाही, फक्त श्वास सोडला,
तो समोर धूर होऊन उभा राहिला.

एक्केचाळीस टक्क्यांवर पट्टी अडकली.
नऊ मिनिटं.
त्यानं खिशातून कुरुत काढले,
वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे खारट गोळे,
एक माझ्यापुढे सरकवला.
गोळा तोंडात अर्धा विरघळला तेव्हा बेचाळीस झाले.

फोन सुरू झाला तो काळ्या पडद्यावर इशारा घेऊनच,
पाच सेकंद, आता दर वेळी दिसणार:
या यंत्राचं कुलूप उघडं आहे. यावर विश्वास ठेवू नये.
मी वाचून दाखवलं.
"कुणी ठेवू नये?" त्यानं विचारलं.
मला सांगता आलं नाही.
"माझ्या घराचं दार नम्द्याचं आहे, पोरी," म्हणाला,
आणि वायर उलगडायला लागला.

खरखर. खरखर. मग एक बाई,
कुठल्याशा घाटात बर्फ असल्याचं वाचत होती
अगदी कंटाळलेल्या आवाजात.
तो डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिला, जाहिरातींसकट.
कॅमेरा मात्र आता सगळं जांभळं दाखवतो.
ते त्याला चालतं म्हणे.

सातशे सोम ठरले होते. पाचशे दिले, बाकी कुरुत.

रात्री शटर ओढताना माझ्याच फोननं विचारलं: नवी आवृत्ती घेऊ?
बोटं गारठलेली.
तीन वर्षं झाली,
मी 'नंतर' दाबतेय.