तर

आचऱ्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा
तर होती,
आणि तरीवर तुझे आबा, सुगंधा,
हातात माणग्याची काठी, पंधरा फूट,
खालचं टोक चिखलाने काळं, वरचं तळहाताने पिवळं.
"पाण्यात नाय मारूची," ते सांगत,
"तळाक रोवूची. पाणी कोणाक धरूक गावता?"
माणसाचे चार आणे, सायकलीचे आठ,
शाळेच्या पोरांना फुकट.

पूल झाला. नारळ फुटला, भाषणं झाली.
तर उपडी करून माडाखाली ठेवली,
तिच्या पोटात कुत्रीने पिल्लं घातली.
काठी उरली.
ती घेऊन तू ओहोळ ओलांडायचीस,
रोवायची, लटकायची, पलीकडे.
एकदा मधेच थांबली काठी, सरळ उभी,
वर तू, ना अलीकडे ना पलीकडे.
कुर्ल्या धरणारी पोरं हसून लोळली.
पेडणेकर सर हसले नाहीत.
म्हणाले, "परत करशील?"

मग खड्डा, त्यात भातेण,
भातेणावर फाटकी जाळी, जाळ्यांत काथ्या.
सुरूचे दोन खांब, दर चार बोटांवर खिळा,
आणि आडवा, आमच्या परसातला
कपडे वाळत घालायचा चिवा.
तू पाडायचीस. मी ठेवायचे,
आंबे काढायच्या घळाने,
आधी हे टोक, मग ते.
आठवीपासून हेच माझं काम.

"पाय वर, डोक्या खाली, चेडवाक शोभता?"
देवळात विषय निघाला.
तुझी आई सुंगटांचे वाटे लावत म्हणाली,
"वरसून खाली कोण कसो दिसता
तां इचारतंय तिका."

फायबरची काठी पुण्याहून आली, कुणाची तरी वापरलेली.
एसटीच्या टपावर सुंभाने बांधली
तर कंडक्टर म्हणाला, ही सामान की प्रवासी?
कणकवलीपर्यंत वाद.
शेवटी त्याने अर्धं तिकीट फाडलं काठीचं.
पदकांच्या डब्यात तू ते अजून ठेवलंयस,
रांचीच्या सोन्याच्या खाली.

रांचीचा फोन मी बूथवर घेतला होता.
तीन ऐंशी, तू म्हणालीस, आणि मग गप्प.
मीटर पळत होता, मी म्हटलं बोल ना.
"पुढचे तिन्ही पाडले गो."
पहिली आलीस ना पण?
"आले. तरी पाडूनच आले."
तेव्हा मला कळलं, हा खेळ कसा आहे ते.
जिंकलेलीलाही घरी
पडलेल्या काठीचाच आवाज घेऊन यावं लागतं.

मग पतियाळा. काठी मोडली, तीन तुकडे,
मनगटात दोन पट्ट्या, आठ स्क्रू.
त्यानंतरचं मला नीट माहीत नाही,
तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.
दोन वर्षांनी पुन्हा उतरलीस,
तीन चाळीस, चौथी आलीस,
बूट तिथेच कुणाला तरी देऊन टाकलेस.

मी पतपेढीत असते, हिशेबाची खोड.
एक उडी, जमीन सुटल्यापासून टेकेपर्यंत, दीड सेकंद.
सोळा वर्षं, तीस हजार उड्या धरल्या.
साडेबारा तास भरले.
एक भरती, एक ओहोटी.
एवढाच वेळ तू
ना अलीकडे होतीस ना पलीकडे.
मी आकडा दोनदा तपासला,
मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला,
तुला दाखवला नाही.

आता सुरूबनात तुझ्या सहा पोरी.
खड्ड्यात खरी गादी, जिल्ह्याकडून, एका कडेला उसवलेली.
काल त्यातली सगळ्यात बारकी
काठी उराशी धरून उभी, धावेना.
"बाई, आणि पडलंय तर?"
"तर?" तू खाडीकडे हात केलास.
"तर थंय असा. माडाखाली. उपडी."
पोरीला काही कळलं नाही,
पण मी हसले म्हणून ती हसली,
आणि हसता हसताच धावली.

पाडलीन.

थांब, मी घळ आणते.